झोपेचं सोंग घेणारा संगणक

"ताई, माझा संगणक झोपतो, पण उठत नाही. काय करू?" एवढ्या एका ओळीवर पत्र संपलं असतं, तर बंद करून पुन्हा चालू करा, असं उत्तर देऊन मी मोकळी झाले असते. पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या भगिनींनी पुढे चांगली चार पानं लिहिली आहेत. ती वाचल्यावर वाटलं, या आठवड्याची सगळी जागा त्यांनाच द्यावी. लोणच्यावरच्या बुरशीची पत्रं पुढच्या खेपेला घेऊ. लोणचं तोवर थांबेल.

हकिगत थोडक्यात अशी. घरात २०१६ साली घेतलेला लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ काही या जुन्या यंत्रावर चढेना. दिवाळीला आलेल्या भाच्याने त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं. पैसा एक लागला नाही आणि मरगळलेलं यंत्र पळायला लागलं. बाई बारा जणींच्या बचत गटाचा हिशेब ठेवतात. हप्ते, व्याज, कुणाचं किती थकलं, सगळं त्यात. मध्येच कुकरची शिट्टी झाली, दारावर कुणी आलं, की झाकण मिटायचं आणि उठायचं. महिनाभर सगळं छान चाललं. मग एके दिवशी झाकण उघडलं तर पडदा काळा. पंखा फिरतोय, दिवा पेटलाय, पण दिसत काही नाही. शेवटी बटण दाबून धरलं, यंत्र बंद केलं, आणि दुपारभर भरलेल्या नोंदी गेल्या. असं तीनदा झालं. घरातून सल्ला आला, "तुला हे झेपायचं नाही, वहीच बरी." यजमान म्हणतात, भंगारात देऊन टाकू. पत्राच्या शेवटी बाई विचारतात, "माझ्या हातून नेमकं काय चुकतं, ते सांगाल का?"

आधी या शेवटच्या वाक्याचं उत्तर देते. तुमच्या हातून काहीही चुकत नाही. झाकण मिटलं की लॅपटॉपने झोपावं आणि उघडलं की उठावं, याचसाठी त्याला झाकण आहे. ते करताना तो अडखळत असेल, तर बिघाड त्याच्यात आहे. आणि तो बहुतेक वेळा घरच्या घरी हुडकता येतो. भंगारवाल्याला इतक्यात हाक मारू नका.

संगणकाची झोप दोन प्रकारची असते. पहिलीला म्हणतात सस्पेंड. ओट्यावर मांडलेला पसारा तसाच ठेवून आपण नुसता दिवा मालवतो ना, तशी. उघडलेल्या फायली मेमरीत जशाच्या तशा राहतात आणि बाकीचं सगळं बंद होतं. पण मेमरीतली माहिती विजेवाचून टिकत नाही. साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत ती पुन्हा ताजी करावी लागते, म्हणून झोपेतही बॅटरी थोडी खर्च होतच असते. दुसरी झोप म्हणजे हायबरनेट. सगळा पसारा उचलून फडताळात, म्हणजे डिस्कवर, ठेवायचा आणि मग यंत्र पुरतं बंद करायचं. उठायला वेळ लागतो, पण वीज मुळीच लागत नाही. झाकण मिटल्यावर आपल्याला मिळते ती सहसा पहिली.

आता ही झोप बिघडते कशी? लिनक्स झोपायच्या आधी एकेका अवयवाला निरोप देतं. पडद्याचं ग्राफिक्स, वायफाय, टचपॅड, डिस्क, यूएसबीच्या खाचा, सगळ्यांना. उठताना पुन्हा प्रत्येकाला हलवून जागं करायचं. प्रत्येक अवयवाचा एक सांभाळणारा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. झोपण्यापूर्वी आपण काय करत होतो, हे त्याला उठल्यावर आठवलं पाहिजे. एकाला जरी आठवलं नाही, तरी सगळं घर खोळंबतं. शिवाय यंत्राच्या पोटात कंपनीने घातलेला बायोस असतो, त्याचाही या झोपेत हात आहे. बायोसने आणि संगणकाच्या प्रणालीने झोप-जागेची बोलणी कशी करावीत, याचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून डिसेंबर १९९६ मध्ये काढले. पण बाजारातले बरेचसे लॅपटॉप विंडोज घालूनच विकले जातात, त्यामुळे कंपन्या आपला बायोस मुख्यतः विंडोजवर पारखून घेतात. हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टॉरव्हाल्ड्सने, १९९१ साली सुरू केलेलं लिनक्स अशा यंत्रावर मागाहून येतं. सासरचं वळण कुणी समजावून न सांगता पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्या केलेल्या सुनेसारखी त्याची अवस्था होते. बहुतेक सगळं ते निभावून नेतं. झोपेच्या बाबतीत मात्र कधीकधी अडतं.

मूल आजारी पडलं की डॉक्टर आधी विचारतात, ताप कधीपासून आहे, रात्री वाढतो की दिवसा. इथेही तसंच करायचं. 'झोपत-उठत नाही' या एका तक्रारीत चार वेगवेगळे आजार असतात. काही यंत्रं मुळी झोपतच नाहीत. काही झोपतात आणि मिनिटभरात आपसूक उठून बसतात. काही उठतात, पण डोळे उघडत नाहीत. आणि काही खरोखरच उठत नाहीत. प्रत्येकाचं औषध निराळं, म्हणून निदान आधी.

पत्र लिहिणाऱ्या बाईंनी एक फार मोलाची गोष्ट नोंदवली आहे. पडदा काळा असताना कॅप्स लॉकची कळ दाबली की तिच्यावरचा छोटा दिवा लागतो आणि विझतो. शाबास! याचा अर्थ यंत्र जागं आहे, फक्त डोळे मिटलेले आहेत. झोपेचं सोंग म्हणतात ते हेच. हा दिवा ढिम्म हलला नसता, तर यंत्र आतून थिजलं असं समजायचं. आणि तो आपोआप सारखा उघडझाप करत असेल, तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कोलमडला आहे.

पुढच्या वेळी काळा पडदा दिसला, की पॉवरचं बटण लगेच दाबून धरू नका. आधी उजेड वाढवण्याची कळ दाबून पाहा. मग खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत पडद्यावर तिरका मारा. पुसट चित्र दिसलं, तर बिघाड फक्त पडद्यामागच्या दिव्याचा. ते नसेल, तर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरून एफ ३ दाबा. काळ्यावर पांढरी अक्षरं आली, तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. तशीच दोन बोटं धरून एफ ७ दाबलंत की मिंटचा नेहमीचा पडदा परत येतो. उबंटू असेल तर एफ १ किंवा एफ २. कित्येकदा एवढ्या जाऊन-येऊन करण्यातच डोळे उघडतात आणि कामही शाबूत राहतं.

तेही नाही झालं, तर शेवटचा उपाय म्हणून ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा धरून ठेवायच्या आणि एकेका सेकंदाने एस, यू, बी ही अक्षरं दाबायची. काही लॅपटॉपांवर एफएन ही कळही सोबत धरावी लागते. एसने डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं, यूने डिस्क कुलूपबंद होते, बीने यंत्र पुन्हा सुरू होतं. बटण दाबून वीज तोडण्यापेक्षा हे बरं, कारण डिस्कवरच्या फायली बिघडत नाहीत. मात्र तुम्ही जतनच न केलेल्या नोंदी यानेही परत येत नाहीत, हे सांगून ठेवते. त्यासाठी लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मग लोड-सेव्ह आणि जनरल असं जा. तिथे दर दहा मिनिटांनी आपोआप टिपण ठेवण्याची सोय असते. दहाचे दोन करा. आणि उठण्यापूर्वी कंट्रोल-एस दाबायची सवय लावून घ्या. गॅस बंद करायला जसा आपला हात आपोआप जातो, तसा तो इथेही जाऊ लागतो.

आता मुळाशी जाऊ. महिनाभर नीट चाललं आणि मग बिघडलं, असं तुम्ही लिहिता. मध्ये काय बदललं? लिनक्स मिंट वेळोवेळी सुधारणा आणतं, त्यात अधूनमधून नवं कर्नल येतं, आणि नव्या कर्नलचं एखाद्या जुन्या यंत्राशी जमत नाही. सुदैवाने जुनं कर्नल लगेच फेकून दिलेलं नसतं. यंत्र सुरू होताना एस्केपची कळ टिचक्या मारल्यासारखी दाबा. फार जुन्या यंत्रांवर त्याऐवजी शिफ्ट धरून ठेवावी लागते. एक यादी येईल. तिच्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सवर जा आणि आधीच्या क्रमांकाचं कर्नल निवडा. 'रिकव्हरी' असं पुढे लिहिलेलं घेऊ नका. मग झाकण पाच-सहा वेळा मिटा-उघडा. यंत्र दर वेळी नीट उठलं, तर चोर सापडला. पुढची सुधारणा येईपर्यंत जुन्याच कर्नलवर राहायचं. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यूखाली लिनक्स कर्नल्स म्हणून जागा आहे, तिथे कुठली कुठली बसवलेली आहेत ते दिसतं.

जुन्या कर्नलनेही फरक पडला नाही, तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्यायचा. तळहात टेकतो तिथे एनव्हिडियाचा हिरवा शिक्का आहे का बघा. असला, तर या कंपनीच्या ग्राफिक्सची आणि लिनक्सची जुनी कुरबूर तुमच्याही वाट्याला आली असण्याचा संभव आहे. २०१२ साली फिनलंडमध्ये आल्टो विद्यापीठातल्या भर सभेत खुद्द लिनस टॉरव्हाल्ड्सनी या कंपनीला उद्देशून जे शब्द काढले, ते या पानावर छापण्याजोगे नाहीत! पुढे मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग सर्वांसाठी खुला केला, पण त्याचा लाभ नव्या यंत्रांना, तुमच्या २०१६ च्या यंत्राला नाही. तुम्ही करायचं ते एवढंच. मेन्यूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा. तिथे नुवो नावाचा खुला ड्रायव्हर आणि कंपनीचे एक-दोन ड्रायव्हर दिसतील. आज जो चालू असेल तो सोडून, ज्याच्यापुढे शिफारस लिहिली आहे तो निवडून बघा. शिफारस केलेलाच चालू असेल, तर दुसरा. त्याआधी टाइमशिफ्ट या कार्यक्रमात आजच्या स्थितीची प्रत काढून ठेवा, म्हणजे काही फिसकटलं तर कालच्या जागी परत येता येतं. आणि एका वेळी एकच बदल करा, बरं का! आमटीत मीठ, चिंच आणि गूळ एकदम घातलं, तर चव कशाने बिघडली ते कळायचं कसं?

बाकीच्या मैत्रिणींचे आजार वेगळे असतील, तेही पाहून घेऊ. यंत्र मुळीच झोपत नसेल, तर झाकणाऐवजी मेन्यूतून सस्पेंड करून पाहा. तसं झोपलं, तर दोष झाकणाच्या सेटिंगचा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं ते बॅटरीवर आणि चार्जरवर असं वेगवेगळं विचारलेलं असतं, आणि एका जागी काहीच करू नका असं राहून गेलेलं असतं. लॅपटॉपला बाहेरचा पडदा किंवा टीव्ही जोडलेला असेल, तर झाकण मिटूनही तो सहसा जागाच राहतो. तो दोष नव्हे, मुद्दाम तशी योजना आहे. कधी एखादा कार्यक्रमच थांबायला तयार नसतो. कर्नल वीस सेकंद वाट पाहतं आणि झोपण्याचा बेत रद्द करतं. दुसऱ्या संगणकावरचं फोल्डर जोडून ठेवलेलं असेल, तर हे बऱ्याचदा घडतं. ते सोडवा आणि मग झोपवा.

झोपून लगेच उठत असेल, तर यूएसबीचा माउस काढून बघा. टेबलाला नुसता धक्का लागला, तरी काही माउस यंत्राला उठवतात.

उलटाही प्रकार असतो. काम करता करता लॅपटॉप मध्येच झोपतो. झाकण मिटल्याचं त्याला कळतं ते बहुधा आतल्या एका छोट्या चुंबकामुळे. तुमच्या मनगटात चुंबकाच्या फाशाचं ब्रेसलेट असेल, किंवा मोबाइलचं चुंबकी पाकीट कळफलकाच्या कडेला ठेवलं असेल, तर त्याला वाटतं झाकण मिटलं! सोन्याच्या आणि काचेच्या बांगड्यांना मात्र काही भीती नाही.

रात्री मिटून ठेवला आणि सकाळी बॅटरी रिकामी, किंवा पिशवीतून काढला तर तव्यासारखा तापलेला, ही तक्रार नव्या लॅपटॉपांत जास्त. पूर्वीच्या यंत्रांत गाढ झोप असे. मोबाइलसारखं क्षणात जागं व्हावं म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ बरोबर आणि पुढे २०१५ साली विंडोज १० बरोबर हलक्या झोपेची पद्धत आणली, आणि काही वर्षांत पुष्कळ नव्या लॅपटॉपांतून गाढ झोप काढूनच टाकली गेली. तुमच्याकडे कुठली आहे ते बघायचं, तर टर्मिनल उघडून एक ओळ टाइप करा. मी देवनागरीत सांगते, तुम्ही इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान लिपी घ्या. कॅट, एक जागा मोकळी, तिरकी रेघ, सिस, तिरकी रेघ, पॉवर, तिरकी रेघ, मेम, खालची आडवी रेघ, स्लीप. सिसची अक्षरं एस, वाय, एस. उत्तरात एस-टू-आयडल, म्हणजे हलकी झोप, आणि डीप, म्हणजे गाढ, असे शब्द येतील. चौकटी कंसातला शब्द तो चालू प्रकार. दोन्ही असून कंस हलक्या झोपेवर असेल, तर जाणकाराकडून डीप लावून घेता येतं. आधी तात्पुरतं लावून पाहावं, यंत्र पुन्हा सुरू केलं की ते पुसलं जातं. डीप शब्दच नसेल, तर बायोसच्या सेटिंगमध्ये बघायला सांगा. काही थिंकपॅड लॅपटॉपांत २०१८ पासून तिथे झोपेसाठी लिनक्स असा वेगळा पर्याय दिलेला आहे. तेही नसेल, तर अशा लॅपटॉपला प्रवासात झोपवून नेऊ नये, बंद करूनच पिशवीत ठेवावा. तापलेली बॅटरी कपड्यांत गुंडाळून नेणं मला तरी बरं वाटत नाही.

बायोसची नवी आवृत्ती घातल्यानेही कधी झोप सुधारते. पण ते काम चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना, आणि लोडशेडिंगची वेळ टाळूनच करावं. मध्येच वीज गेली तर यंत्र कायमचं मुकं होऊ शकतं.

मग सरळ हायबरनेटच का वापरू नये, असं तुम्ही विचाराल. मिंट आणि उबंटूत ती सोय आपसूक मिळत नाही. त्यासाठी डिस्कवर स्वॅप नावाची राखीव जागा निदान मेमरीएवढी लागते, आणि ती सहसा तेवढी ठेवलेली नसते. बायोसमधलं सिक्युअर बूट चालू असेल, तर अनेक लिनक्सांत हायबरनेटला मुळातच मनाई असते. भाचा पुन्हा येईल तेव्हा त्याच्याकडून करून घ्या. एकटीने त्यात शिरू नका.

टेबलावरचा मोठा संगणक वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्याला बॅटरी नसते. झोपलेला असताना लाइट गेली की मेमरीतला पसारा गेलाच. इन्व्हर्टर त्या खोलीला जोडलेला नसेल, तर झोपवण्यापूर्वी सगळं जतन करा, किंवा सरळ बंद करा.

आणि पत्र लिहिणाऱ्या बाईंसाठी, भाच्याला फोन करण्यापूर्वी एक काम. मेन्यूतून लॉग्ज उघडा आणि वरच्या यादीतून आधीची खेप निवडा, म्हणजे यंत्र बंद पाडण्यापूर्वीची. सगळ्या नोंदी दाखवायला सांगा आणि सस्पेंड हा शब्द शोधा. 'सस्पेंड एंट्री' म्हणजे झोपायला निघालं, 'सस्पेंड एक्झिट' म्हणजे उठलं. एंट्री आहे आणि एक्झिट नाही, तर यंत्र खरंच उठलं नाही. दोन्ही आहेत आणि पडदा तरीही काळा, तर माझं निदान बरोबर, ग्राफिक्सकडे बघायचं. दोन्हींत काही सेकंदांचंच अंतर असेल, तर कुणीतरी मध्येच उठवलं. त्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढा. वहीत तारीख, वेळ, झाकण मिटलं की मेन्यूतून झोपवलं, चार्जर होता की नव्हता, आणि कॅप्स लॉकचा दिवा हलला की नाही, एवढं लिहा. असे तीन प्रसंग लिहून झाले, की भाच्याला आणि यजमानांनाही ते पान दाखवा. बारा जणींच्या हप्त्यांची फाइल मात्र आजच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.